वरून ताडपत्री, खालून ओल

वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, मळणी आटोपली की गोव्यातल्या पेडण्याच्या गावांत एकच घाई असते: पाऊस यायच्या आत पेंढा झाकायचा. हळर्णलाही तेच. गोठ्यात जागा नाही, म्हणून अंगणाच्या कडेला गठ्ठे एकावर एक चढवायचे, वर निळी ताडपत्री ओढायची, कडांवर चिरे ठेवायचे आणि निर्धास्त व्हायचे. हे निर्धास्त होणेच मला खटकते.

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. हळर्ण तर शापोरा नदीकाठचे. ताडपत्री वरचा पाऊस अडवते. जमिनीतून चढणारी ओल नाही. उलट चारही बाजू दाबून टाकल्या की आतली वाफ कोंडते, रात्री ताडपत्रीच्या आतल्या अंगाला थेंब धरते आणि पुन्हा पेंढ्यावरच गळते. पावसाने न भिजलेला गठ्ठाही असा आतून कुबट होतो.

जुनी उडवी रचणाऱ्यांना हे ठाऊक होते. खाली लाकडांचा माच, मधोमध खांब, पेंढ्यांचा उतार बाहेरच्या अंगाला आणि डोके निमुळते. पाण्याला थांबायला जागाच नसे. आता यंत्राने कापणी झाली की शेतात पेंढा विस्कटून पडतो, तो बेलरने गोळा करून बांधावा लागतो. या गठ्ठ्यांची रास वरून सपाट होते, ताडपत्रीला खोलगट भाग पडतो, त्यात पाणी साचते. मग एक छिद्र पुरते.

म्हणून ताडपत्री विकत घेण्याआधी तळाचा विचार करावा. चिऱ्यांवर माडाचे किंवा पोफळीचे ओंडके टाकून रास वीतभर तरी उचलावी. मधली ओळ उंच ठेवून घराच्या पाख्यासारखा उतार द्यावा. ताडपत्री जमिनीला टेकवू नये, दोन्ही टोके वाऱ्याला मोकळी ठेवावीत, आणि उघडीप पडली की बाजू वर करावी. रचताना प्रत्येक गठ्ठ्यात हात घालून पाहावा. ऊब लागली तर तो बाहेरच ठेवावा: ओला पेंढा आतून तापत जातो, कधी पेटही घेतो.

पेंढा अधिक पौष्टिक करण्यासाठी केलेली युरियाची प्रक्रिया मात्र वेगळी. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि साधारण तीन आठवडे हवाबंद ठेवतात. तिथे ताडपत्री घट्टच हवी. प्रमाण पशुवैद्यकांना विचारूनच ठरवावे, कारण जास्त युरिया म्हणजे विष.

इतकी काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. बुरशी लागलेल्या भाताच्या पेंढ्याशी देगनाला हा रोग जोडला जातो. त्यात म्हशींचे पाय, शेपटी, कानांची टोके सडत जातात. मुकी जनावरे, भूक लागली की पुढ्यात टाकलेले खातात. निवड आपणच करायची असते. काळा पडलेला गठ्ठा कितीही जीवावर आला तरी गव्हाणीत घालू नका. माडाच्या आळ्यात टाका, कुजून खत होईल.