धबधब्यावर बंदी घातली, पुढे काय?

पावसाळा लागला की दरवर्षी एक कागद निघतो. पूर्वी त्यावर कलम १४४ असायचं, २०२४ पासून नव्या कायद्याचं १६३. अमुक धबधबा, तमुक धरण, पर्यटकांना मनाई. आम्ही पत्रकार त्याची बातमी लावतो आणि पुढच्याच रविवारी हायवेला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते ती लागतेच.

२०२४ चा पावसाळा आठवा. ३० जूनला लोणावळ्यात भुशी डॅमच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ७ जुलैला रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचा लोंढा उतरला आणि गडावर गेलेले लोक अडकले. आणि १६ जुलैला माणगावच्या कुंभे धबधब्यावर मुंबईची एक तरुणी दरीत कोसळली. रेस्क्यूच्या पोरांनी दोर लावून तिला वर काढलं, पण ती वाचली नाही. अडीच-तीन आठवड्यांत एवढं झालं. त्यावर उपाय म्हणून परत कागदच निघाला.

रेड अलर्टच्या दिवशी सगळं बंद ठेवा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. २२ जुलै २०२१ ज्याने बघितलाय तो पावसाशी मस्करी करत नाही. तळीये, केवनाळे, साखर सुतारवाडी ही नावं आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. माझा आक्षेप आहे तो सरसकट दोन महिन्यांच्या बंदीला. ती पाळली जात नाही, आणि माणूस चोरून जातो तेव्हा तो वाटाड्या घेत नाही. गावात नाव सांगत नाही. गाडी लांब लावतो आणि आडवाटेने ओढ्यात उतरतो. अडकला तर कुठे अडकला हेच कळत नाही.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट ठाऊक नसते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातलं या अंगाचं पाणी सावित्रीतून, ओढ्यानाल्यांतून थेट पोलादपूरकडे उतरतं. खाली ऊन असतं, वर मात्र कोसळत असतो. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज जड झाला, की उठायचं. चपला, पिशवी, मोबाईल शोधत बसायचं नाही. हे आपल्याकडच्या गुराख्याला बरोबर कळतं. बोर्डावर फक्त 'पुढे धोका आहे' एवढंच असतं. तोही निम्मा गंजलेला.

मग त्या गुराख्यालाच, नाहीतर त्याच्या पोरालाच वाटेवर उभं का करत नाही? साताऱ्याच्या कास पठारावर वन विभाग आणि गावच्या समित्या मिळून फुलांच्या हंगामात शुल्क घेतात, दिवसाची संख्या ठरवतात. भिऱ्याच्या देवकुंडला स्थानिक पोरं गाईड म्हणून सोबत जातात. तिथे सगळं आदर्श आहे असं मी म्हणत नाही, पण निदान कोण गेलं नि कोण परत आलं याचा कुणाला तरी पत्ता असतो. आपल्या कुडपणला, शिवथरघळीच्या वाटेवर, वरंध घाटात असं का होऊ नये? गावाच्या तोंडाशी नोंद, मोजकी माणसं, दुपारी तीननंतर खाली कोणी नाही, काठावर दोर आणि शिट्टी. दारूच्या बाटल्या तिथेच काढून घ्यायच्या. (हे शेवटचं काम सगळ्यात अवघड, मान्य.)

वाड्या रिकाम्या होत चालल्यात. घरटी एक माणूस मुंबईला. पावसाळ्यात चार गाड्या आल्या तर नाचणीची भाकरी नि पिठलं विकून एखाद्या ताईच्या हातात दोन पैसे पडतात. बंदीत तेही जातात. माणूस पडला की मात्र पहिला हाक मारायची ती त्याच वाडीतल्या पोरांना. रात्रीबेरात्री, भर पावसात, बिनपगारी. त्यांना ना विमा, ना धड हेल्मेट.

काही जण म्हणतील, उद्या गाईड सोबत असताना कोणी दगावला तर गावावर केस होईल. भीती रास्त आहे. म्हणूनच हे तोंडी नको. प्रांत, वन विभाग आणि ग्रामपंचायत यांनी एकत्र बसून लेखी ठरवावं, पोरांना प्रशिक्षण द्यावं, विमा काढावा, आणि शुल्कातला ठरावीक हिस्सा दोर-हेल्मेटसाठी बाजूला ठेवावा. मे महिन्याच्या ग्रामसभेत हा विषय घेता येतो, जूनपर्यंत थांबायची गरज नाही.

तुमच्या गावाजवळ पावसात गर्दी होणारा धबधबा असेल तर खाली गावाचं नाव, आणि ओढ्याची नेमकी कुठली जागा फसवी आहे तेही लिहा. यादी करून मी ती तहसील कार्यालयात देणार आहे.