सफरचंदाच्या बागेत क्रॅब ॲपल हवेच

आम्ही कापडाचे व्यापारी. सफरचंदाशी आमचा काय संबंध, असे वाचक विचारतील. पण आमचे कित्येक बागवान बंधू हिमाचल-काश्मीरच्या मालावर दुकान चालवतात, आणि काहीजण तर झाड फुलोऱ्यात असतानाच बागवाल्याला बयाणा देऊन मोकळे होतात. बयाणा देण्यापूर्वी बागेत क्रॅब ॲपल आहे की नाही, हे त्यांनी पाहावे.

रॉयल डेलिशसचे झाड स्वतःच्या परागावर धड फळ धरत नाही. शेजारच्या रॉयलचा परागही कामाचा नाही, कारण कलमाने वाढवलेली ती सारी झाडे एकाच जातीची. दुसऱ्या जातीचा पराग मधमाशीने आणावा लागतो. दर तिसऱ्या ओळीत दर तिसरे झाड परागाचे, म्हणजे नवांत एक, हा जुना हिशेब; फुलोऱ्यात थंडी-पाऊस असेल तिथे जास्त. बागवाला म्हणतो, भाव रॉयलला आहे, मग जागा दुसऱ्याला का देऊ? नंतर हाच गृहस्थ मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतो आणि दुसऱ्या जातीच्या फुललेल्या फांद्या तोडून पाण्यात घालून झाडांना टांगतो. हा खर्च त्याच्या वहीत कुठे लिहिला जातो कोण जाणे!

गोल्डन डेलिशस लावले तर फळ विकते, हे खरे. पण ते पूर्ण झाडाची जागा खाते, आणि एका साली लदलदून आले की पुढच्या साली फुले कमी. क्रॅबच्या बोराएवढ्या फळाला बाजारात किंमत नाही. मात्र ते भरभरून फुलते आणि ओळीतच दोन झाडांमध्ये मावते. जागा नसेल तर जुन्या झाडाच्या फांदीवर त्याचे कलम करावे.

निवड नावावर करू नये. मुख्य जातीच्या फुलोऱ्याशी वेळ जुळली पाहिजे. म्हणून मंचुरियनसारखे लवकर फुलणारे एक आणि स्नोड्रिफ्टसारखे मागाहून फुलणारे एक, असे दोन लावावेत. फुले पांढरी असावीत. शोभेची लाल फुले नर्सरीवाला गळ्यात मारतो, पण मधमाशी सहसा एकच रंग धरून फिरते. स्कॅब लवकर पकडणारे झाडही नको, नाहीतर परागाबरोबर रोग पोसाल.

विश्वास नसेल तर आपल्याच पेटीतले वाकडे फळ आडवे कापा. आत पाच कप्पे, साधारण दहा बिया. जी बाजू बसलेली, तिकडचे कप्पे बहुधा रिकामे निघतील. तेच फळ आपण दुय्यम भावात काढतो.