मुलांच्या हाती पोस्टकार्ड द्या, पत्त्यावरची जात पुसा

मुलाने जग पाहावे म्हणून आपण त्याच्या हातात मोबाईल देतो आणि आपले कर्तव्य संपले असे समजतो. मोबाईलवर जग दिसते हे खरे. पण त्या जगातील कुणी आपल्या मुलाला विचारत नाही की, तू कुठला, तुझ्या वस्तीत पाणी कुठून येते, तुझ्या शाळेत वाचायला पुस्तके आहेत काय? असे विचारणारा आणि उत्तराची वाट पाहणारा एक मित्र दूरच्या गावी असणे, हेदेखील शिक्षणच आहे. म्हणून नाशिक जिल्ह्यातील शाळांनी आणि बुद्धविहारांनी मुलांचा पत्रव्यवहार सुरू करावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

कुणी म्हणेल, आजच्या जमान्यात हे काय नवे खूळ? त्यांनी आपल्याच चळवळीचा इतिहास आठवावा. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह याच नाशिकच्या भूमीवर लढला गेला. बाबासाहेब मुंबईत असोत वा गोलमेज परिषदेसाठी लंडनला, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना त्यांचे मार्गदर्शन पत्रांतून मिळत असे. मंदिरप्रवेशापेक्षा समाजाने आपली शक्ती शिक्षण आणि राजकारण यांवर केंद्रित करावी, हा विचारही त्यांनी ३ मार्च १९३४ च्या पत्राने दादासाहेबांना कळविला. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याची घोषणा झाली.

बाबासाहेबांची पत्रे देशापुरती मर्यादित नव्हती. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील काळ्या जनतेचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. अस्पृश्य आणि काळे यांच्या स्थितीतील साम्य त्यांनी त्यात मांडले आणि तेथील काळ्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागविल्या. ३१ जुलै १९४६ रोजी डू बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठविले. आपले दुःख एकट्याचे नाही, हे बाबासाहेब जाणत होते. आपल्या मुलांनाही ते कळायला नको काय?

नाशिककरांना तर टपालाचे अप्रूप नसावे. नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली उभी राहिली. त्याआधी कित्येक दशके या देशाची तिकिटे लंडनच्या कंपनीकडून छापून येत होती. दादासाहेबांच्या स्मरणार्थ २००२ साली टपाल तिकीट निघाले. हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

पत्र लिहायचे म्हणजे आधी पत्ता लिहायचा, आणि इथेच आपल्या मुलाची जातीशी गाठ पडते. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा ही पत्त्यातली नावे कुणी प्रेमाने ठेवलेली नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे हटवून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. जेथे जुने नाव अजून कागदावर वा बोलण्यात चिकटून असेल, तेथे पालकांनी ग्रामसभेत विषय घ्यावा. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. मग तिची खूण मुलाने आपल्याच हाताने पोस्टकार्डावर का लिहावी?

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शाळकरी मुलांकडून पंतप्रधानांना ७५ लाख पोस्टकार्डे लिहून घेण्याची मोहीम काढली होती. विषय वरून ठरवून दिलेले होते. लाखो मुलांचा वाचक एकच असेल, तर प्रत्येकाला उत्तर कोण देणार? आम्हाला असा अर्ज-विनंतीचा व्यवहार नको. एका मुलाने दुसऱ्या मुलाला लिहावे आणि दोघांनीही एकमेकांना उत्तर द्यावे. संविधानाच्या उद्देशिकेतील बंधुता मुलांना अशीच शिकवावी लागेल.

व्यवस्था सोपी आहे. साधे पोस्टकार्ड ५० पैशांचे. पत्ता घराचा नको, शाळेचा वा विहाराचा द्यावा. पत्रे शिक्षकांनी नजरेखालून घालावीत. सुरुवातीला मुलाने फक्त आपले नाव लिहावे, आडनाव नको. त्यात मुलाची सुरक्षितता आहे आणि आडनावावरून जात हुंगणाऱ्यांनाही वाव राहत नाही. यात लपवाछपवी नाही. मैत्री जमल्यावर आपल्या मुलाने १४ एप्रिलची मिरवणूक, विहारातील वंदना, आईची मजुरी हे सारे ताठ मानेने लिहावे. समोरच्यानेही आपले लिहावे. सुरगाण्याच्या आदिवासी आश्रमशाळेतील मुलगी आणि नाशिकरोडचा मुलगा एकमेकांना पाण्याविषयी विचारू लागले, तर भूगोलाचा तास आपोआप होईल. पुढे जागतिक टपाल संघाची मुलांसाठीची आंतरराष्ट्रीय पत्रलेखन स्पर्धा आहेच. ती १९७१ पासून भरते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. येत्या ७ नोव्हेंबरला भाषणे आणि हारतुरे थोडे कमी करा. नाशिकच्या प्रत्येक विहारात मुलांना बसवा, एकेक कोरे कार्ड द्या आणि पहिली पत्रे साताऱ्याच्या मुलांना धाडा. तेथील कार्यकर्त्यांशी आधी बोलून ठेवा, म्हणजे एकही मूल उत्तराविना राहणार नाही.

जय भीम!