घरातल्या बुरशीची तपासणी: पैसे कशासाठी द्यायचे आणि कशासाठी नाही?

भिंतीवर काळे ठिपके दिसले की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एकतर ओल्या फडक्याने पुसून टाकायचं, नाहीतर दिवाळीच्या आधी वरून रंग मारायचा. इंग्लंडमध्ये मात्र याच काळ्या ठिपक्यांसाठी कायदा करावा लागला. २७ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा पहिला टप्पा लागू झाला आहे. त्याचं नाव 'अवाब्स लॉ'.

हा कायदा काय आहे, घराची बुरशी तपासणी म्हणजे नेमकं काय करतात आणि मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये त्याचा उपयोग किती, हे समजून घेऊया.

एका मुलाच्या नावाने कायदा का झाला?

अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा मँचेस्टरजवळच्या रॉचडेल शहरात राहत होता. घर सोशल हाउसिंगमधलं, म्हणजे एका ना-नफा संस्थेने कमी भाड्याने दिलेलं. डिसेंबर २०२० मध्ये त्याचा मृत्यू झाला. कोरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकारी जोॲन किअर्सली यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये निष्कर्ष दिला: घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ संपर्क आल्यामुळे झालेल्या श्वसनाच्या गंभीर आजाराने तो गेला.

त्याच्या वडिलांनी २०१७ मध्येच तक्रार केली होती. त्यांना सांगण्यात आलं, वरून रंग मारा. पुढे कुटुंबाने वकिलामार्फत दावा केला. तेव्हा दाव्यावर तडजोड होईपर्यंत दुरुस्ती करायची नाही, असं संस्थेचं धोरण होतं.

म्हणजे बुरशी आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती कोणी आणि कधीपर्यंत काढायची, हे मात्र कुठेच बांधून दिलेलं नव्हतं.

नव्या नियमाने तेच बांधून दिलं. ओल किंवा बुरशीचा गंभीर धोका कळवला गेला की घरमालक संस्थेने १० कामकाजाच्या दिवसांत तपासणी करायची. तपासणी झाल्यावर ३ कामकाजाच्या दिवसांत निष्कर्ष भाडेकरूला लेखी द्यायचे. धोका असेल तर तपासणीनंतर ५ कामकाजाच्या दिवसांत घर सुरक्षित करायचं. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत. हे जमत नसेल तर कुटुंबाची राहण्याची दुसरी सोय करायची.

तपासणीत नेमकं काय करतात?

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. घरात अन्नही भरपूर असतं: रंग, लाकूड, कागद, धूळ. कमी असतं ते फक्त पाणी. म्हणून चांगला तपासनीस बुरशीपेक्षा पाण्याचा माग काढतो.

त्याच्याकडे साधारण तीन साधनं असतात. मॉइश्चर मीटर भिंतीत किती ओल आहे ते दाखवतो. हायग्रोमीटर हवेतली आर्द्रता मोजतो. थर्मल कॅमेरा भिंतीच्या तापमानातला फरक दाखवतो. ओली जागा बहुतेक वेळा थंड असते, म्हणून ती वेगळ्या रंगात दिसते. मात्र हा कॅमेरा बुरशी 'बघतो' असं कुणी सांगत असेल, तर ते खरं नाही. तो फक्त तापमान बघतो. त्यावरचा संशय मॉइश्चर मीटरने पडताळावा लागतो.

खरं काम यानंतर सुरू होतं. ओल वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून येते, बाहेरच्या भिंतीतल्या भेगेतून, गच्चीतून, की घरातल्याच वाफेतून? त्यासाठी वरच्या बाथरूमचा निचरा बंद करून पाणी भरून ठेवतात, कधी त्यात रंग टाकतात आणि खाली ओल वाढते का ते बघतात. फक्त पावसात वाढणारी ओल आणि बाराही महिने राहणारी ओल यांची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात. त्यामुळे 'ओल कधीपासून आहे, कधी वाढते' हे न विचारणारा तपासनीस अर्धंच काम करतो.

आणखी एक गोष्ट. भिंतीवर येणारी पांढरी भुकटी प्रत्येक वेळी बुरशी नसते. पाण्याबरोबर सिमेंट-विटांतले क्षार बाहेर येतात, तो लोणा असतो. त्यावर थोडं पाणी टाकलं तर तो बहुधा विरघळतो. बुरशी विरघळत नाही.

हवेचे नमुने घ्यायचे का?

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. तपासनीस हवेचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतो आणि 'एका घनमीटरमध्ये इतके बीजाणू' असा अहवाल येतो. आकडा मोठा दिसतो आणि माणूस घाबरतो.

पण किती बीजाणू म्हणजे धोका, याची सर्वमान्य मर्यादाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात असा आकडा दिलेला नाही. ओल होऊ देऊ नका आणि झाली तर दूर करा, असा त्यांचा सल्ला आहे. अमेरिकेची पर्यावरण संस्था 'ईपीए' सांगते, की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घेण्याची गरज नसते. शिवाय पावसाळ्यात बाहेरच्याच हवेत बीजाणू खूप असतात. बाहेरच्या हवेशी तुलना न करता दिलेल्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

काळा रंग बघून जास्त घाबरायचंही कारण नाही. २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात ज्या 'काळ्या बुरशी'ने जीव घेतले, तो म्युकरमायकोसिस हा वेगळा आजार. त्यात ऊती मरून काळ्या पडतात, त्यावरून ते नाव आलं. भिंतीवरच्या काळ्या डागाशी त्याची गल्लत करू नका. पण म्हणून भिंतीवरची बुरशी निरुपद्रवी ठरत नाही. दमा, ॲलर्जी असलेल्यांना, लहान मुलांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तिचा त्रास होतो. रंग कोणताही असो, उपाय एकच: पाणी थांबवा, बुरशी काढा.

तपासणारा आणि दुरुस्त करणारा एकच असावा का?

अमेरिकेत टेक्सास राज्यात बुरशी तपासणीसाठी परवाना लागतो. एकाच कामात तपासणारा आणि बुरशी काढणारा एकच असू शकत नाही. कारण उघड आहे. ज्याला दुरुस्तीचं काम मिळणार आहे, त्याला रोग मोठा दिसणारच.

भारतात बुरशी तपासणीसाठी असा वेगळा परवाना नाही. वॉटरप्रूफिंग करणारे अनेकदा 'फ्री इन्स्पेक्शन' देतात. ते जरूर करून घ्या, पण तो निदानाचा अहवाल नाही, कामाचं कोटेशन आहे, हे लक्षात ठेवा. मोठ्या खर्चाआधी दुरुस्तीच्या कामाशी संबंध नसलेल्या सिव्हिल इंजिनिअरकडून लेखी अहवाल घेतलेला बरा.

आपल्याकडे जबाबदारी कोणाची?

पाणी कुठून येतं, यावर इथलं बरंचसं उत्तर ठरतं.

सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणं सोसायटीच्या खर्चात येतं. वरच्या फ्लॅटच्या संडास-बाथरूम किंवा सिंकमधून होणारी गळती त्या सभासदाने दुरुस्त करायची असते.

इमारत नवी असेल तर रेरा कायद्याचं कलम १४ आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो.

भाड्याच्या घरासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १४ आहे. घर राहण्यायोग्य ठेवणं घरमालकाचं कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने काही केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण एका वर्षात तो वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. अडचण अशी, की शहरांत बहुतेक जण 'लिव्ह अँड लायसन्स'वर राहतात. कायद्याच्या भाषेत ते भाडेकरू नसतात. त्यांची सगळी भिस्त करारात काय लिहिलंय यावर. म्हणून सही करण्याआधी गळती आणि ओल यांची दुरुस्ती कोण करणार, हे एका ओळीत लिहून घ्या. घराचा ताबा घेताना भिंतींचे फोटो काढून ठेवा.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. पण ते ऑडिट इमारत पडेल का, हे बघतं. घरातलं मूल कसल्या हवेत श्वास घेतं, हे बघणं त्याच्या कक्षेत येत नाही. आपल्याकडे त्यासाठी इंग्लंडसारखी दहा दिवसांची मुदत नाही.

मग तपासणी करावी का?

डाग लहान असेल आणि कारण दिसत असेल, तर नको. ईपीएच्या सल्ल्यानुसार साधारण तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा कमी डाग घरीच काढता येतो. हातमोजे आणि मास्क घालून साबणाच्या पाण्याने घासायचा आणि जागा पूर्ण कोरडी करायची. बाथरूममध्ये एक्झॉस्ट पंखा लावा, कपाट भिंतीपासून थोडं दूर ठेवा, हवेतली आर्द्रता शक्यतो ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. भर पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर हे कठीण आहे, पण दारं-खिडक्या बंद करून घरात कपडे वाळत घालणं तरी टाळता येतं.

साफ करूनही डाग परत येत असेल, ओल कुठून येते ते कळत नसेल, घरात कोणाचा दमा वाढला असेल किंवा वरचे शेजारी आणि सोसायटी एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर तपासणीवर केलेला खर्च वाया जात नाही. दम्याच्या रुग्णाला त्याच वेळी डॉक्टरांनाही दाखवा.

मात्र अहवालात तीन गोष्टी हव्यातच: पाणी कुठून येतं, ते कशावरून ठरवलं आणि काय दुरुस्त केल्यावर ते थांबेल. तारीख आणि फोटोही हवेत. मग त्या अहवालाची प्रत जोडून सोसायटी, बिल्डर किंवा घरमालक यांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. फोनवर केलेल्या तक्रारीचा पुरावा उरत नाही.