घोरणाऱ्याचा मुखवटा

घोरणे म्हणजे गाढ झोप, ही आपली समजूत काही सुटत नाही. पण घोरता घोरता श्वासच थांबतो आणि शेजारी जागी असलेली गृहिणी तो पुन्हा सुरू होण्याची वाट पाहते, हे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हे. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली यावर उपाय प्रसिद्ध केला. मुखवट्यातून हवेचा सतत दाब देऊन घसा उघडा ठेवायचा. तेच हे सीपॅप यंत्र.

प्रारंभी जीव घाबरतो. म्हणून आधी दिवसा, वर्तमानपत्र वाचीत, मुखवटा लावून बसावे. पट्टे करकचून आवळू नयेत. नाकावर वळ तेवढे उठतात. नाक कोरडे पडत असेल तर यंत्राची पाण्याची टाकी वापरावी. पण आपला शेगाव-संग्रामपूरकडचा खारपाणपट्टा! तिथले विहिरीचे पाणी घातले की टाकीत क्षाराचा थर बसलाच. डिस्टिल्ड वॉटरच आणावे. अभ्यंगाचे तेल चेहऱ्यावर राहिले तर मुखवटा घसरतो. तोंड धुऊनच निजावे. हवेचा दाब मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज बदलू नये.

आणि भाऊबीजेला बहिणीकडे मुक्काम असेल तर यंत्र संकोचाने घरी ठेवू नका, बरे का! ते नसले की त्याच रात्री श्वास पुन्हा अडू लागतो.