मोठ्या आवाजाचा आडोसा

चाळिशी उलटलेल्या फौजी अधिकाऱ्याने हेवी मेटल ऐकायला जावं की नाही, यावर आमच्या घरातच एकमत नाही. मुलीला लाज वाटते, आईला काळजी वाटते आणि मेसमधले ज्युनिअर ‘सर, आप भी?’ अशा नजरेने पाहत राहतात. काळे टी-शर्ट, वाढवलेले केस, कानठळ्या बसवणारी गिटार, शेजारी बिअरचे ग्लास. हे चित्र आमच्या पेशाला शोभत नाही, असं बहुतेकांना वाटतं. माझं मत नेमकं उलट आहे. फौजी माणसाला, आणि फौज सोडून घरी बसलेल्याला तर जास्तच, या संगीतात ऐकण्यासारखं बरंच काही आहे. शिवाय ज्या मित्राशी बोलणं अवघड झालंय, त्याला घेऊन जायला याच्याइतकी सोयीची जागा मला अजून सापडलेली नाही.

आधी संगीताबद्दल बोलू. मेटल म्हणजे श्रीमंतांच्या बिघडलेल्या पोरांचा धिंगाणा, हा समज आपल्याकडे पक्का आहे. प्रत्यक्षात ते कारखान्यात जन्मलं. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, पत्रे कापण्याचा कारखाना आणि सतरा वर्षांचा टोनी आयोमी. यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबायचा तो हाच हात. पोराने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या बनवल्या, गिटारला हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैलही केल्या, म्हणजे दाबताना त्रास कमी. आवाज खाली उतरला, जड झाला, गडद झाला. त्याच्या ‘ब्लॅक सबाथ’चा पहिला अल्बम 1970 च्या फेब्रुवारीत आला आणि एका नव्या संगीताची सुरुवात झाली. जे हातात उरलंय त्यावर काम चालवायचं, ही गोष्ट कुठल्याही जवानाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरं म्हणजे, मेटलवाले लढाईबद्दल सरळ बोलतात. आपल्या सिनेमातला सैनिक गाणं म्हणत सीमेवर जातो, आईचं पत्र वाचतो आणि इंटरव्हलनंतर तिरंग्यात परत येतो. ही गाणी ऐकून माझ्याही अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू? पण त्यांतला सैनिक कधी घाबरत नाही, त्याला कधी चुकीचा हुकूम मिळत नाही आणि तो जखमी होऊन तीस वर्षं जगत तर मुळीच नाही. याउलट ‘आयर्न मेडन’चं 1983 चं ‘द ट्रूपर’ घ्या. विषय आहे क्रिमियाच्या युद्धातली बालाक्लावाची लढाई, 25 ऑक्टोबर 1854. लॉर्ड रॅग्लनने टेकडीवरून जे पाहिलं, ते खाली खोऱ्यातल्या घोडदळाला दिसत नव्हतं. हुकूम संदिग्ध होता. सुमारे 670 स्वार तीन बाजूंनी तोफा रोखलेल्या खोऱ्यात सरळ घुसले. गाणं लिहिलंय त्या टेकडीवरच्या जनरलच्या बाजूने नाही, तर घोड्यावर बसलेल्या एका स्वाराच्या बाजूने. ऑर्डर स्पष्ट का असावी, यावर आम्ही तासन् तास वर्गात घालवले. चार मिनिटांच्या त्या गाण्यात तोच धडा आहे, फक्त किंमत मोजणाऱ्याच्या तोंडून.

किंवा ‘मेटॅलिका’चं 1988 चं ‘वन’. डाल्टन ट्रम्बोच्या 1939 च्या कादंबरीवरून सुचलेलं. पहिल्या महायुद्धातला एक जवान हात, पाय, डोळे, कान, वाचा सगळं गमावून इस्पितळात पडलाय आणि आतून पूर्ण जागा आहे. लष्करी इस्पितळाच्या वॉर्डात ज्यांनी मित्राच्या उशाशी रात्र काढलीय, त्यांना हे गाणं गोंगाट वाटणार नाही.

मराठी माणसाला यात परकं वाटावं असंही फारसं काही नाही. आपला पोवाडा काय आहे? डफ, तुणतुणं, ताणलेला गळा, मागून झीलकऱ्यांची साथ आणि समोर रक्तामांसाची लढाई. तुळशीदास शाहिराने तानाजी मालुसऱ्यांचा पोवाडा रचला, त्यात गड मिळाल्याचा आनंद आहे, तसा माणूस गेल्याचा घावही आहे. खडकवासल्याला असताना रोज सकाळी सिंहगड समोर दिसायचा आणि शिक्षा म्हणून तो चढायलाही लागायचा. त्याच काळात केबिनमध्ये वॉकमनवर मेटॅलिकाची कॅसेट फिरत असायची. तेव्हा त्या दोन गोष्टींचा संबंध लागत नव्हता. आता लागतो.

आता बंगळूर. सध्या मी तात्पुरत्या ड्युटीवर इथे आहे. बिअर आणि मेटल या दोन्हींना हे शहर इतकं का मानवलं, याचं उत्तर शोधत गेलात तर वाटेत छावणी लागतेच. 1809 मध्ये इंग्रजांनी इथे कॅन्टोन्मेंट वसवलं. छावणीबरोबर बँड आला आणि बिअरही आली. थॉमस लिशमन नावाच्या स्कॉटिश माणसाने 1915 मध्ये दक्षिणेतल्या काही ब्रुअरी एकत्र करून जी कंपनी उभी केली, ती आजची युनायटेड ब्रुअरीज. 2010 च्या आसपास इथे ब्रूपब सुरू झाले, म्हणजे जिथे प्यायची तिथेच शिजवलेली बिअर. काचेआड तांब्या-स्टीलच्या टाक्या आणि समोर टेबलं. इथल्या ‘क्रिप्टॉस’ने 1998 पासून मेटल लावून धरलंय. 17 मार्च 2007 ला आयर्न मेडन पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले आणि 30 ऑक्टोबर 2011 ला त्याच मैदानावर मेटॅलिका. या दोन तारखा इथली चाळिशीतली मंडळी लग्नाच्या तारखेसारख्या लक्षात ठेवतात. बायकोसमोर तसं म्हणत नाहीत, एवढंच.

तर याच शहरात माझा एक कोर्समेट राहतो. नाव सांगत नाही. बाकीचं त्याच्या परवानगीने लिहितोय. आम्ही एकाच स्क्वॉड्रनचे, रगडाही बरोबरच खाल्लेला. तो नागपूरचा, तोफखान्यातला. दोन वर्षांपूर्वी वेळेआधी निवृत्ती घेऊन एका कंपनीत लागला. मी बंगळुरात आल्याचं कळल्यावर पहिला फोन त्याचा नाही, वहिनींचा आला. म्हणाल्या, ‘भाऊजी, हे घरात असतात, पण घरात नसतात. तुम्ही एकदा या ना.’

घरी गेलो असतो तर काय झालं असतं, ते मला ठाऊक होतं. चहा, पोहे, मुलांचे मार्क आणि निघताना ‘सगळं ठीक ना?’ ‘एकदम फर्स्ट क्लास.’ म्हणून त्याला बाहेर काढला. आधी ब्रूपबमध्ये जेवण, मग लाइव्ह मेटल.

जेवण चांगलं होतं. कोडगूचं पंदी, म्हणजे डुकराचं मटण, काचमपुळीच्या काळ्याभोर आंबटात शिजवलेलं, सोबत तांदळाची अक्की रोटी. फील्ड मार्शल करिअप्पा आणि जनरल थिमय्या ज्या मातीतले, त्या मातीतली ही चव. गड्याने एक घास खाल्ला आणि निकाल दिला, ‘सावजीपुढे काही नाही बे.’ मी एक स्टाउट मागवली. त्याने लिंबू-सोडा मागवला. अकादमीतल्या सुट्टीत जो माणूस आम्हाला पिऊन हरवायचा, त्याने लिंबू-सोडा! मी नुसतं पाहिलं. तो म्हणाला, ‘गोळ्या चालू आहेत. डॉक्टरने सांगितलं, दारूसोबत चालत नाही.’ थोड्या वेळाने म्हणाला, ‘ग्रुपवर नको टाकू.’

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. तोफांनी डावा कान अर्धा गेलाय. त्या कानात चोवीस तास शिट्टी वाजते. दिवसा ऑफिसात कळत नाही, पण रात्री घर निजलं की ती मोठी होत जाते. झोप नाही. झोप नाही म्हणून चिडचिड, चिडचिड झाली की मुलं खोलीत शिरून दार लावून घेतात. ‘सगळे सांगतात, शांत जागी जा, ध्यान कर. शांततेतच तर ती वाजते बे.’

आमच्या कोर्सच्या ग्रुपवर वाढदिवस असतात, प्रमोशन असतं, गोल्फचे फोटो असतात, रोजचं सुप्रभात असतं. दोन वर्षांत या माणसाने तिथे शेकडो अंगठे दाखवले असतील. शिट्टीबद्दल एक ओळ नाही. यात ग्रुपचा दोष आहे असं मी म्हणत नाही. आम्हाला घडवलंच असं की, तक्रार करणारा तो कच्चा. युनिटमध्ये ते खपून जातं, कारण तिथे कुणी तक्रार करायच्या आधीच सुभेदार साहेबांच्या नजरेत येतं. बाहेर ती नजर नसते. सवय मात्र तीच राहते.

पुढे हॉलमध्ये गेलो. बँड स्थानिक होता, पोरं पंचविशीतली. आम्ही मागच्या भिंतीला टेकून उभे राहिलो, दोघांच्या कानात बोळे. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या म्हणण्याचा कुणी भलता अर्थ काढू नये. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सुरक्षित मानतात. 100 डेसिबलला ती मर्यादा पंधरा मिनिटांवर येते आणि मेटलचा कार्यक्रम सहज त्याच्या वर जातो. ज्याचा कान आधीच दुखावलाय त्याने बोळ्यांशिवाय आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नये. त्याने विचारलं होतं. ठरल्याप्रमाणे आम्ही अर्ध्या कार्यक्रमात बाहेर पडलो.

पण त्या वेळात त्याला तिथे कुणी ओळखत नव्हतं. कुणी ‘सर’ म्हणालं नाही, कुणी ‘सीमेवरचा एखादा किस्सा सांगा ना’ म्हणालं नाही, कुणी कीव केली नाही. समोर पोरं एकमेकांवर आदळत होती. एक पडला, तर क्षणात चार हातांनी त्याला उभं केलं. दुसऱ्या एकाने कुणाचा तरी निघालेला बूट उंच धरला, मालक येऊन घेऊन गेला, पुन्हा धक्काबुक्की सुरू. पडलेल्याला आधी उचलायचं, हा तिथला न लिहिलेला नियम. तो माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, ‘पोरांची ड्रिल चांगली आहे!’ त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा हसला.

या एका रात्रीने तो बरा झाला का? नाही. शिट्टी आहे, गोळ्या आहेत, झोपही अजून धड नाही. मेटल म्हणजे औषध नाही आणि बिअर तर नाहीच. त्याच्या लिंबू-सोड्याने ते सिद्धच केलंय. माझा मुद्दा एवढाच की, आपण एकमेकांना समोरासमोर बसवून ‘कसा आहेस?’ विचारतो आणि त्या प्रश्नाला फौजेत एकच उत्तर आहे. तेच खांद्याला खांदा लावून, दुसरीकडे बघत, काहीतरी खात किंवा ऐकत असलो की उत्तर बदलतं. खंदकात, गाडीच्या पुढच्या सीटवर, रात्रीच्या गस्तीवर आपण असेच तर बोलायचो. मोठ्या आवाजाचा एक आडोसा मिळतो. काही सांगितलं तरी चालतं, नाही सांगितलं तरी अवघडलेपण येत नाही.

मेटल नको असेल तर नका जाऊ. कुणाला भजनी मंडळ असेल, कुणाला कुस्तीचा फड, कुणाला गणपतीतलं ढोल-ताशा पथक. पण ‘सैनिकाने अमुकच ऐकावं, तमुकच बोलावं’ हा आग्रह तेवढा सोडा. जे संगीत त्याची स्तुती करतं, त्यात कधी कधी त्याला जागा सापडत नाही. जे त्याची दुखापत ओळखतं, त्यात सापडते.

आणि निवृत्त मंडळींना एक विनंती. ग्रुपवर जो फक्त अंगठा दाखवतो, त्याला या महिन्यात एकदा स्वतः गाठा. त्याच्या घरातल्यांकडून फोन आला, तर ‘बघतो’ म्हणू नका, तारीख ठरवा. टेली-मानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. सेवेतल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या एएफएमसीमध्ये 1 डिसेंबर 2023 पासून त्याचा वेगळा कक्षही आहे. पण तो नंबर नुसता फॉरवर्ड करून मोकळं व्हायचं नाही. तो फिरवताना त्याच्या शेजारी बसायचं.

पुढच्या महिन्यात आणखी एक कार्यक्रम आहे. तिकिटं या वेळी त्यानेच काढलीत, तीन. वहिनी येणार आहेत. म्हणतात, ‘तुम्ही दोघं एवढं काय ऐकता ते बघते तरी.’ बोळ्यांची तिसरी जोडी मी घेऊन ठेवलीय.