काट्यावरच्या पीसीला कोणता डेटाबेस?

तारापूर एमआयडीसीत वजनकाट्याच्या केबिनमध्ये डोकावलं, तर एक्सपीवर चालणारा पीसी अजून भेटतो. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला थांबवला आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला इथला पालघर जिल्हा झाला. जिल्ह्याचं अख्खं आयुष्य या पीसीने बिनसपोर्टचं काढलंय. सीरियल पोर्टातून वजन येतं, पावती निघते, मग मालक कशाला बदलतील? मला तरी त्यांचं चुकतंय असं वाटत नाही.

अडचण येते ती आतला सी प्रोग्राम नव्याने लिहायची वेळ आली की. जुन्यात बहुधा एक स्ट्रक्चर असतं आणि ते एफराइटने जसंच्या तसं फाइलीत ओतलेलं. टर्बो सीमध्ये इंट २ बाइटचा, जीसीसीमध्ये ४चा. तोच कोड नव्या कंपायलरवर चढवून जुनी फाइल उघडली की गाडी नंबराच्या जागी वजन आणि वजनाच्या जागी कचरा. म्हणून डेटाबेसची लायब्ररी हवीच. पण कोणती?

मी आधी तिची फाइल बघतो. पावसाळ्यात बोईसरला ऐन नोंदीच्या वेळी लाइट गेली तर ती शाबूत राहते का? आणि पीसी कायमचा बसला तर ती दुसऱ्या कुणाला उघडता येते का?

एलएमडीबी वेगवान खरी, पण ती अख्खी फाइल मेमरीच्या पत्त्यांवर बसवते. ३२ बिटच्या मशीनवर ती जागा लवकर संपते. बर्कली डीबी भक्कम आहे, मात्र ओरॅकलने २०१३मध्ये तिचा परवाना एजीपीएल केला. प्रोग्राम विकणाऱ्याने तो आधी नीट वाचावा. शुद्ध डॉसचंच मशीन असेल तर डीबीएफ बरी. तिच्यातला मजकूर साध्या अक्षरांत असतो, लिब्रेऑफिसमध्येही उघडतो. फक्त लाइट गेली की हेडरमधला नोंदींचा आकडा मागे राहू शकतो आणि शेवटच्या पावत्या गायब दिसतात.

बाकी सगळीकडे माझं मत एसक्यूलाइटला. रिचर्ड हिप यांनी ती २०००मध्ये काढली, तीही अमेरिकी युद्धनौकेवरच्या कामात सर्व्हर बंद पडला की सगळंच अडायचं, या वैतागातून. इथे सर्व्हरच नाही. एसक्यूलाइट३.सी ही एकच फाइल आपल्या प्रोग्रामबरोबर कंपाइल करायची. परवान्याची कटकट नाही, आणि २००४पासूनच्या फाइली आजही उघडतात. जुन्या हार्डडिस्कवर सेकंदाला काही डझनच व्यवहार पक्के होतात, पण काट्यावर ट्रक एका वेळी एकच चढतो. म्हणून वेगासाठी सिंक्रोनस हे सेटिंग ऑफ करायचा मोह आवरा.

ऑफिसातल्या दुसऱ्या पीसीवरून तीच फाइल शेअर्ड फोल्डरमधून उघडू देऊ नका. नेटवर्कवरच्या लॉकचा भरवसा नसतो. आणि लाइट आल्यावर मूळ फाइलीशेजारी शेवटी 'जर्नल' लिहिलेली छोटी फाइल दिसेल. साफसफाईच्या उत्साहात ती नेमकी डिलीट होते. अर्धवट राहिलेली नोंद मागे घ्यायची माहिती तिच्यातच असते. प्रोग्राम पुन्हा सुरू केला की काम उरकून ती आपोआप जाते. पेनड्राइव्हवर कॉपी घ्यायची ती त्यानंतर, प्रोग्राम बंद करून.